दाखलखारीज : हेडमास्तरांच्या एका वहीचा इतिहास

निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी जून-जुलै आला की माझ्याकडे लोक येतात. बहुतेक वेळा एक बाप आणि त्याच्यासोबत नुकताच बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी. हातात प्लास्टिकची फाईल. "सर, माह्या आज्याचं नाव त्या जुन्या बुकात सापडते का पाहा ना." ज्या शाळेतून मी मुख्याध्यापक म्हणून बाहेर पडलो, तिथल्या मॅडमना जुनी अक्षरं वाचायचा कंटाळा नाही, पण वेळ नसतो. म्हणून त्या मला फोन करतात आणि मी माझा चष्मा घेऊन उमरेडच्या बाजूच्या त्या गावी जातो.

ते बुक म्हणजे दाखलखारीज. मुंबई इलाख्यातले लोक त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. आमच्या जुन्या मध्यप्रांतात मात्र दाखलखारीज हाच शब्द रुळला. मूल शाळेत दाखल झालं की त्यात चढायचं आणि शाळा सुटली की खारीज व्हायचं. अनुक्रमांक, मुलाचं नाव, पालकाचं नाव, धर्म आणि जात, जन्मतारीख, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. मुलगा पाचेक वर्षं शाळेत बसला असेल, तर त्याच्याबद्दल सरकारनं लिहून ठेवलेली एवढी एकच ओळ. गावात दुसरं पुस्तक कोतवालाचं. त्यात जन्म-मृत्यू असत. जातपडताळणी समितीचं दक्षता पथक गावात आलं की ही दोन बुकं मागतं, आणि त्यांतही मानीव दिनांकाच्या आधीची नोंद. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखा मला माझ्या मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्क्या पाठ आहेत.

सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कुण्या मास्तरानं टाक दौतीत बुडवून लिहिलेल्या दोन-तीन अक्षरांवर आज वैद्यकीयची जागा ठरते. तो मास्तर कोण होता, त्याला ती अक्षरं कशी लिहायची हे कुणी शिकवलं होतं का, हा प्रश्न मला नोकरीत असताना कधी पडला नाही. निवृत्तीनंतर पडला. त्याचा माग काढता काढता जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

सुरुवात १८५४ पासून करावी लागते. त्या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. वारस नाही म्हणून डलहौसीनं नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा केलं आणि जुलैमध्ये लंडनहून चार्ल्स वुडचा खलिता निघाला. प्रत्येक प्रांतात शिक्षण खातं असावं, शाळा तपासायला निरीक्षक असावेत, खाजगी शाळांना अनुदान द्यावं, शिक्षक तयार करायला नॉर्मल स्कुलं काढावीत, ही सगळी चौकट त्या खलित्यातली. नागपूरला ती पोचायला थोडा उशीर लागला, कारण मध्यप्रांत हा प्रांतच २ नोव्हेंबर १८६१ रोजी जन्माला आला. त्याचं शिक्षण खातं उभं राहिलं १८६२ मध्ये. स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचं मिशन त्याआधीपासूनच नागपुरात शाळा चालवत होतं, ते वेगळं.

१८६२ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांची सुधारित संहिता लागू झाली. निरीक्षकानं मुलांची वाचन, लेखन, गणिताची परीक्षा घ्यायची, आणि जेवढी मुलं पास होतील व जेवढी हजेरी भरेल तेवढंच अनुदान शाळेला. निकालानुसार पैसे. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी तिकडे पोटासाठी शाळातपासनीस होता. या पद्धतीनं शाळेचा जीव जातो, निरीक्षकाला शाळेशी बोलायला वेळच उरत नाही, अशी तक्रार तो वर्षानुवर्षं आपल्या अहवालांतून करत राहिला. ही पद्धत हिंदुस्थानातही आली, आणि इंग्लंडात ती मोडीत निघाली तरी तिची सवय आमच्याकडे राहिली. तपासणी म्हणजे आकडे जुळवणं ही समजूत तेव्हाची.

वुडच्या खलित्यातला निरीक्षक हा तपासनीसही होता आणि सल्लागारही. त्यानं मास्तराला शिकवायचंही होतं. व्यवहारात एका डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वाट्याला इतकी गावं येत की वर्षातून एकदा बैलगाडीनं पोचणं हेच मोठं. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात त्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं होतं. वर्षातल्या एका भेटीचा काही उपयोग नाही, निदान तीन महिन्यांतून एकदा तरी शाळा पाहावी, आणि मधूनमधून न कळवताही जावं. फुले पुण्याचे, पण हे वाक्य आमच्या कुठल्याही तालुक्याला लागू पडलं असतं. साहेब येणार हे पाटलाला आठ दिवस आधी कळे. शाळा सारवली जाई, गैरहजर पोरं शेतातून उचलून आणली जात, आणि संध्याकाळी साहेब शेरेबुकात चार ओळी लिहून पुढच्या गावी. जुनी शेरेबुकं मी वाचली आहेत. 'वर्गात स्वच्छता बरी. दुसऱ्या वर्गाचे अंकगणित कच्चे. दाखलखारीज अद्ययावत आहे.' अद्ययावत आहे, एवढंच. बरोबर आहे की नाही, हे कुणी लिहिलेलं मला सापडलेलं नाही.

ते तपासणार तरी कसं? जन्मतारखेचाच रकाना घ्या. मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचा. कान धरता आला तर सहा वर्षं पुरी. मग मास्तर त्या वर्षातून सहा वजा करी आणि तारीख घाली १ जुलै, कारण शाळा तेव्हाच उघडलेली असे. आमच्याकडे अख्ख्या पिढ्या १ जुलैला जन्मल्या आहेत. माझे वडीलही. सरकारी कचेऱ्यांत ३० जूनला एकदम एवढे निरोप समारंभ का असतात, याचं उत्तर त्या कानात आहे.

नॉर्मल स्कुलात शिकवण्याची पद्धत, भूगोलाचे नकाशे, गणित, कवायत हे सगळं होतं. माध्यमिकच्या शिक्षकांसाठी जबलपूरला ट्रेनिंग कॉलेज होतं, पुढे स्पेन्स ट्रेनिंग कॉलेज म्हणून ओळखलं गेलेलं. नियम समजून घ्यायचे तर एज्युकेशन मॅन्युअल होतं, इंग्रजीत. खेड्यातला मास्तर व्हर्नाक्युलर फायनल झालेला असे. त्यानं मॅन्युअल वाचणं शक्य नव्हतं, आणि ते त्याच्यासाठी छापलेलंही नव्हतं. त्याच्यापर्यंत नियम पोचत ते हुकमांच्या रूपात. १८८३ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानं जिल्हा कौन्सिलं आली आणि गावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानं त्यांना सक्तीचं शिक्षण लागू करायची मुभा दिली. सक्ती म्हणजे आधी गावातल्या शाळायोग्य मुलांची यादी. ती कोण करणार? मास्तर. मालक दोन झाले, हुकूम दोन्हीकडून येऊ लागले.

या सगळ्या काळात एकदाच असं झालं की सरकारनं आधी माणसं तयार केली आणि मग शाळा उघडल्या. १९३७ मध्ये डॉ. ना. भा. खरे यांचं मंत्रिमंडळ आलं आणि शिक्षणमंत्री रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना मांडली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालायची. त्याच ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली, आणि १९३८ च्या एप्रिलमध्ये वर्ध्याच्या विद्यामंदिर ट्रेनिंग स्कूलचं उद्‌घाटन गांधीजींनी केलं. नावावरून मुस्लिम लीगनं मोठं वादळ उठवलं, हे खरं. पण तिथला शिक्षक शाळेचा हिशेब, शेत, चरखा आणि गावाशी वागणं हे एकत्र शिकत होता. म्हणजे शाळा चालवणं शिकत होता. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि पुढे योजना वाऱ्यावर गेली.

आता मी १९५० वर येतो, कारण इथून त्या रकान्याचा अर्थच बदलला. राष्ट्रपतींच्या आदेशांनी अनुसूचित जाती आणि जमातींच्या याद्या प्रसिद्ध झाल्या. दाखलखारिजातला जातीचा रकाना तोवर खात्याच्या वार्षिक अहवालातल्या बेरजेपुरता होता. 'ब्राह्मण इतके, मराठे इतके, महार इतके' एवढं वर कळवलं की झालं. १९५० नंतर तो पुरावा झाला. पण हे खेड्यातल्या हेडमास्तरला कुणी बसवून सांगितलं नाही. १९४८ च्या कायद्यानं जिल्हा कौन्सिलं जाऊन जनपद सभा आल्या होत्या. त्यांच्या कचेऱ्या तालुक्याला नव्यानं लागत होत्या आणि त्यांना पगार वेळेवर पोचवणंच जड जात होतं.

माझे वडील तेव्हा जनपद सभेच्या शाळेत हेडमास्तर होते. दोन शिक्षकी शाळेचा हेडमास्तर म्हणजे दोघांतला जुना. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. गावातली अर्धी वस्ती पायी आणि बैलगाडीनं जाऊन आली होती. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वस्तीतले आठ-दहा बाप एकत्र शाळेत आले. वडील तो प्रसंग फार वेळा सांगत. त्यातला वयानं मोठा माणूस म्हणाला, "गुरुजी, आता आमी बौद्ध. जुनं नाव खोडा."

खोडायचं नाही, हा एकच नियम वडिलांना पक्का माहीत होता. तो त्यांना नॉर्मल स्कुलात शिकवला होता. झालेल्या नोंदीत खाडाखोड म्हणजे निलंबन. त्यांनी जनपद सभेला पत्र लिहिलं : धर्मांतर केलेल्या मुलांची नोंद कशी घ्यावी, मार्गदर्शन व्हावे. त्या पत्राची नक्कल आमच्या घरी आहे. उत्तराचा कागद नाही. वडील म्हणत, उत्तर आलंच नाही.

मधल्या काळात नवी मुलं दाखल होत होती आणि लिहायचं तर होतंच. ज्या बापानं हट्ट धरला, त्याच्या मुलापुढे वडिलांनी धर्माच्या आणि जातीच्या दोन्ही रकान्यांत फक्त 'बौद्ध' लिहिलं. जो गप्प राहिला, त्याच्या मुलापुढे 'बौद्ध, पूर्वीचे महार' असं. आधीच्या नोंदी तशाच 'हिंदू, महार'. एकाच घरात थोरला हिंदू महार, मधला बौद्ध-पूर्वीचा-महार आणि धाकटा नुसता बौद्ध, अशी त्या वर्षीची पानं आहेत. आत्मसन्मानाच्या बाजूनं पाहिलं तर हट्ट धरणारा बाप बरोबर होता. त्यानं जे टाकून दिलं होतं ते शाळेनं पुन्हा त्याच्या पोराच्या नावापुढे का लिहावं?

पण १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असण्याची अट होती. १९५६ मध्ये त्यात शीख धर्म धरला गेला, बौद्ध धरला गेला तो १९९० च्या दुरुस्तीनं. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं राज्यापुरत्या सवलती बौद्धांना दिल्या. केंद्राच्या नोकऱ्यांसाठी मात्र चौतीस वर्षं दार बंद होतं. त्या तीन भावांपैकी थोरल्याला रेल्वेत राखीव जागा मिळाली, धाकट्याला मिळाली नाही. बाप एक, घर एक, दीक्षा एक. फरक वडिलांच्या अक्षरांचा. आणि १९९० नंतर दाखला मिळण्यासाठी जो शब्दप्रयोग चालू लागला, तो साधारण त्या मधल्या भावासारखाच होता. वडिलांनी तो ओळखून लिहिला नव्हता. कोंडीतून वाट काढायला लिहिला होता. ते ऐंशी वर्षांचे असताना तो धाकटा त्यांना भेटायला आला होता, पेढे घेऊन, मुलीला नोकरी लागली म्हणून. त्यानं कधी दोष दिला नाही. वडील मात्र तो गेल्यावर बराच वेळ ओसरीत बसून राहिले.

इथे साताऱ्याची एक नोंद आठवते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा दाखल झाला, अनुक्रमांक १९१४. ते रजिस्टर आजच्या प्रतापसिंह हायस्कूलनं जपून ठेवलं आहे आणि २०१७ पासून महाराष्ट्र शासन ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. त्या दिवशी भाषणं होतात, शाळेत निबंध होतात. ती ओळ लिहिणाऱ्या कारकुनाला आपण काय लिहितो आहोत याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. पण त्यानं अक्षर स्वच्छ काढलं आणि वही कुणी रद्दीत घातली नाही, हे काही कमी नाही. आमच्या जिल्ह्यातल्या किती वह्या पुरात, वाळवीत आणि शाळांच्या स्थलांतरात गेल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नागपूरच्या गोळीबार चौक, पाचपावली, तांडापेठ या भागांतला विणकर समाज स्वतःला हलबा म्हणवतो. हलबा ही अनुसूचित जमात. जुन्या शाळांच्या दाखलखारिजांत मात्र या घरांपुढे जागोजाग 'कोष्टी' लिहिलेलं आहे. लोक सांगतात, मास्तरनं धंदा विचारला, आम्ही विणकाम सांगितलं, त्यानं कोष्टी लिहिलं. कान डोक्यावरून धरून वय ठरवणारा मास्तर जात अशीच ठरवत असेल, हे मला अशक्य वाटत नाही. पण कोर्टात वही बोलते. १९९४ मध्ये माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पडताळणीची रीत घालून दिली आणि दक्षता पथकानं शाळेच्या नोंदी पाहायच्या हे पक्कं झालं. २८ नोव्हेंबर २००० ला मिलिंद खटल्याचा निकाल लागला : यादीत जे नाव आहे तेवढंच, 'हलबा-कोष्टी' म्हणजे हलबा असा अर्थ लावता येणार नाही. २०१७ मध्ये बहिरा खटल्यात संरक्षणाची वाट आणखी अरुंद झाली आणि २०१९ च्या डिसेंबरात राज्यानं अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर टाकलं. त्या वर्षी माझ्या ओळखीतले दोन शिक्षक असे अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर आले. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा खाणारे लोक आहेत, गोंड आणि माडिया पोरांची तक्रार रास्त आहे. म्हणून तर नोंद नीट असायला हवी होती. घाईनं लिहिलेली नोंद खऱ्याच्याही मुळावर येते आणि खोट्यालाही फट ठेवते.

आता प्रशिक्षणाचं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, आणि त्याच साली युनेस्कोच्या मदतीनं दिल्लीत आशियाई शिक्षण-प्रशासकांसाठी एक केंद्र निघालं. तेच पुढे रूप बदलत १९७९ मध्ये नीपा झालं. शिक्षणाचं प्रशासन ही शिकायची गोष्ट आहे, हे सरकारनं मान्य केल्याची ती खूण. १९८६ च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत डाएट आल्या. १९९४ मध्ये औरंगाबादला राज्याची शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था झाली. त्याच सुमारास दहाएक शाळांमागे एक केंद्रप्रमुख आला. वुडच्या कल्पनेतला सल्लागार पुन्हा एकदा नेमला गेला, आणि पुन्हा एकदा माहितीचे तक्ते गोळा करण्यात बुडाला. यात माणसांचा दोष नाही. केंद्रप्रमुख बिचारा मोटरसायकलवर तक्ते घेऊनच फिरताना दिसे.

मी मुख्याध्यापक झालो १९९८ मध्ये, पदोन्नतीनं. शुक्रवारी आदेश, सोमवारी पदभार. चाव्या, शिक्का, शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब आणि तेवीस रजिस्टरांची यादी. पहिलं प्रशिक्षण मिळालं त्याला दोन वर्षं लोटली होती. नेतृत्वगुण, वेळेचं व्यवस्थापन, एक खेळ ज्यात सगळ्यांनी गोल करून दोरी सोडवायची. जेवण चांगलं होतं. मी शेवटी उठून विचारलं की दाखलखारिजातली जातीची नोंद मूल शाळा सोडून गेल्यावर दुरुस्त करता येते का. साधनव्यक्ती म्हणाले, तो विषय आपल्या मोड्यूलमध्ये नाही. उत्तर माध्यमिक शाळा संहितेच्या नियम २६.४ मध्ये होतं. ते मला कळलं एका वकिलाकडून, एका पालकानं मला नोटीस पाठवल्यावर.

पुढच्या वर्षांत नियमांचा वेग वाढला. १ एप्रिल २०१० ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला : शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, कुणाला मारायचं नाही, कुणाला जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवायचं नाही. कायदा चांगला, मी त्याच्या बाजूचा. पण जन्मदाखला नसला तर तारीख काय लिहायची, हे पुन्हा आम्हीच ठरवायचं. मग सरल आलं, यूडायस आलं, २०१९ मध्ये निष्ठा प्रशिक्षण आलं. २०२० च्या धोरणानं शिक्षक आणि मुख्याध्यापकांना वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलं. परिपत्रकं आता व्हॉट्सॲपच्या गटावर रात्री दहाला येतात आणि 'आज सायंकाळपर्यंत' असं त्यांत लिहिलेलं असतं. २०२५ मध्ये नागपूर विभागातल्या बनावट शालार्थ आयडींच्या प्रकरणात गुन्हे दाखल झाले, तेव्हा सगळी व्यवस्था संगणकावर असूनही हे झालं कसं, असं लोक विचारत होते. संगणकावरचा रकानाही कुणीतरी माणूसच भरतो.

गेल्या जुलैत त्याच शाळेत गेलो होतो. एका मुलासाठी त्याच्या पणजोबाची १९३४ ची नोंद शोधायची होती. ती मिळाली, शाई तपकिरी झालेली, पण अक्षर वाचता येत होतं. मॅडम समोर बसून 'अपार' आयडीचं काम करत होत्या. एका मुलीचं नाव आधारवर रोमन लिपीत 'डब्ल्यू'नं होतं, शाळेच्या नोंदीत 'व्ही'नं. दोन्ही जुळल्याशिवाय आयडी निघत नव्हता. आधार बदलायचं तर बापाला मजुरी बुडवून उमरेडला जावं लागणार. शाळेची नोंद बदलायची तर मॅडमच्या हातात होतं, दोन मिनिटांचं काम.

त्यांनी मला विचारलं, "सर, कोणतं बदलू?"

मी म्हणालो, "जन्मदाखल्यावर काय आहे?"

जन्मदाखल्यावर देवनागरीत होतं, नुसता 'व'. मॅडमनी वही मिटली, बापाला फोन लावला आणि विचारलं, "भाऊ, तुम्ही पोरीचं नाव कसं लिहिता?" पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "मॅडम, मले लिहिता येत नाही. तुमाले बरोबर वाटते ते लिवा."